सावलीत काय लावू, कोकम का अंजनी?

मामेभावाच्या घरामागे फणस नि आंब्याची दाट सावली, तिथे दोन्हीतलं काय लावू विचारत होता. दोन्ही आपल्या सह्याद्रीतलीच, मोठ्या झाडांखाली वाढणारी.

ओळख आधी, कारण दोघांची पानं समोरासमोर आणि चकचकीत. कोकमाचं पान तोडलं की पिवळसर चीक येतो, कोवळी पालवी लालसर, फांद्या खाली झुकलेल्या. अंजनीला चीक नाही, पान जाड, शिरा जेमतेम दिसतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ, महाबळेश्वरला बघितले असतील.

लावायला कोकम सोपं पण बी सुकू द्यायची नाही, ताजीच पेरायची. आणि रोपांत नर-मादी निघतात, फळाला सात-आठ वर्षं थांबून शेवटी नर निघाला तर काय, म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या (दापोली विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात आहे). पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मात्र घालावं लागतं.

अंजनी फारच हळू वाढते, नर्सरीतही सहज मिळत नाही, पण लाकूड लोखंडासारखं. फळं तुरट, पक्षी खातात.

आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) हवं तर कोकम. फुलं, पक्षी हवेत आणि घाई नसेल तर अंजनी. भावाला मी कोकमच सांगितलं, वहिनीला सोलकढी लागतेच.