रिचर्ड तिसरा : लॉरेन्स ऑलिव्हिए की इयन मॅकेलन?

शेक्सपिअरच्या नाटकांमध्ये लांबीने 'हॅम्लेट'च्या खालोखाल असलेले 'रिचर्ड तिसरा' हे नाटक प्रथमच पडद्यावर पाहू इच्छिणाऱ्यासमोर प्रामुख्याने दोन चित्रपट असतात. एक लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी स्वतः दिग्दर्शित करून 1955 मध्ये आणलेला आणि दुसरा रिचर्ड लॉन्क्रेन यांनी इयन मॅकेलन यांना घेऊन 1995 मध्ये केलेला. पहिला अडीच तासांहून मोठा आहे, तर दुसरा पावणेदोन तासांच्या आत संपतो. मात्र निवड वेळेवरून करू नये, कारण या दोघांना दिसलेला खलनायक मुळातच वेगळा आहे.

हा फरक पहिल्याच स्वगतात स्पष्ट होतो. ऑलिव्हिए यांच्या चित्रपटात चौथ्या एडवर्डचा राज्याभिषेक आटोपतो, दालन रिकामे होते, आणि राजाचा धाकटा भाऊ, गादीवर डोळा असलेला रिचर्ड थेट आपल्याकडे पाहून बोलू लागतो. शेक्सपिअरच्याच 'सहावा हेन्री' या नाटकाच्या तिसऱ्या भागातील ओळीही या स्वगतात मिसळल्यामुळे तो आपला सगळा बेत आपल्याच कानात सांगतो आहे असे वाटते, आणि पुढे होणाऱ्या प्रत्येक खुनात आपण नकळत त्याचे साथीदार होतो. लॉन्क्रेन यांनी हेच स्वगत मधोमध तोडले आहे. 1930 च्या दशकातल्या कल्पित, फॅसिझमकडे झुकलेल्या इंग्लंडमधील विजयसोहळ्यात रिचर्ड ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून पहिला भाग जाहीर भाषण म्हणून म्हणतो. मनातली जळजळ मात्र तो स्वच्छतागृहात एकटा असताना ओकतो आणि तिथल्या आरशात त्याला आपण दिसतो. सत्तेचा सार्वजनिक चेहरा आणि खाजगी चेहरा इतक्या थोडक्यात वेगळे करून दाखवणारा दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही.

ज्या लेडी ॲनच्या नवऱ्याला रिचर्डने मारले, तिलाच लग्नासाठी वळवण्याचा प्रसंग दोघांनीही मुळापेक्षा बदलला आहे. नाटकात ती सासऱ्याच्या, म्हणजे सहाव्या हेन्रीच्या, शवाबरोबर असते, तर दोन्ही चित्रपटांत शव तिच्या नवऱ्याचे आहे. ऑलिव्हिए यांनी हा प्रसंग दोन टप्प्यांत विभागल्यामुळे क्लेअर ब्लूमच्या ॲनचे ढळणे पटते. शवागारात एका दमात घडणारा 1995 चा प्रसंग तितका पटत नाही, पण मॅकेलन दातांनी बोटातली अंगठी काढतात तो क्षण अंगावर काटा आणतो.

इंग्लंडच्या गादीसाठी झुंजलेल्या यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांतील वैराची माहिती नसणाऱ्याने, माझ्या मते, 1995 चा चित्रपट आधी पाहावा. कोण कोणाच्या बाजूचा आणि राणीचे माहेरचे लोक दरबाराला का खुपतात, हे त्यातल्या वेशभूषेवरून, गणवेशांवरून आणि उच्चारांवरूनही पटकन समजते. एडवर्डची राणी एलिझाबेथ आणि तिचा भाऊ रिव्हर्स या भूमिका ॲनेट बेनिंग आणि रॉबर्ट डाउनी ज्युनिअर या अमेरिकी नटांना दिल्यामुळे ती मंडळी परकी वाटतात, ही दिग्दर्शकाची उत्तम सूझ आहे. घोड्यासाठी राज्य देऊ करणारी सुप्रसिद्ध ओळही चिखलात रुतलेल्या जीपमुळे नव्याने ऐकू येते.

ज्याला पद्याचा नाद ऐकायचा आहे, त्याने मात्र निःशंकपणे ऑलिव्हिए निवडावेत. रिचर्डचा साथीदार बकिंगहॅम झालेले राल्फ रिचर्डसन आणि त्याचा भाऊ क्लॅरेन्स झालेले जॉन गिलगुड यांच्या तोंडून ती भाषा ऐकणे हे एक शिक्षणच आहे. क्लॅरेन्स तुरुंगात आपले बुडण्याचे स्वप्न सांगतो तेव्हा गिलगुडच्या आवाजापुढे बाकी सारे विसरायला होते. रिचर्डचा शेवट करणारी बॉसवर्थची लढाई स्पेनमधल्या कोरड्या माळावर चित्रित झाल्याने इंग्लंडची वाटत नाही, हा दोष आहेच.

दोघांपैकी कोणताही चित्रपट निवडला तरी एक मोठी उणीव राहते. दोघांनीही सहाव्या हेन्रीची विधवा मार्गारेट राणी हिला पूर्णपणे वगळले आहे. तिच्या शापांप्रमाणे एकेक जण पडत जातो, हा नाटकाचा कणाच त्यामुळे नाहीसा होतो आणि रिचर्डचा अंत नियतीऐवजी केवळ पराभव वाटू लागतो. मार्गारेटसह जवळजवळ संपूर्ण संहिता हवी असेल, तर जेन हॉवेल यांनी बीबीसीसाठी केलेले, रॉन कुक यांची प्रमुख भूमिका असलेले 1983 चे चित्रीकरण शोधावे.