ओपनएपी: साथरोगशास्त्र शिकताना जवळ हवाच असा गणक

पब्लिक हेल्थच्या पदवीला साथरोगशास्त्र घेतलेल्यांनी ओपनएपी हे आकडेमोडीचं उपकरण पहिल्या सत्रापासून वापरावं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, उतरवून घेतलं तर नेटशिवायही चालतं.

खरी गोडी 'टू बाय टू टेबल'मध्ये, म्हणजे दोन ओळी-दोन रकान्यांच्या तक्त्यात आहे. समजा, लग्नात बासुंदी खाल्लेल्या 40 जणांपैकी 30 आजारी पडले, न खाल्लेल्या 20 पैकी 3. 'एंटर'मध्ये 30, 10, 3, 17 भरा आणि 'कॅल्क्युलेट' दाबा. रिस्क रेशो (दोन गटांतल्या आजारी पडण्याच्या प्रमाणांचा भागाकार) 5 येतो, ऑड्स रेशो (दोन गटांतल्या आजारी भागिले निरोगी या आकड्यांचा भागाकार) मात्र 17! आजार इतका सर्रास असला की ऑड्स रेशो असा फुगतो. त्याला '17 पट धोका' म्हणणं चूकच. हे उपकरण दोन्ही आकडे एकाखाली एक देतं, निवड तुमची. केस-कंट्रोल अभ्यासात (आधी रुग्ण आणि निरोगी निवडून मग त्यांचा पूर्वेतिहास तपासतात तो) रिस्क रेशोकडे बघूच नका, कारण रुग्ण किती घ्यायचे ते आपणच ठरवलेलं असतं. फरक योगायोगाचा आहे का हे बघताना, तक्त्यातल्या एखाद्या घरातली अपेक्षित संख्या 5 च्या खाली गेली तर काय-स्क्वेअर चाचणी सोडून फिशर एक्झॅक्ट चाचणी वाचा.

पाहणीसाठी किती माणसं घ्यायची ते 'नमुना आकार' विभाग सांगतो. त्यात अपेक्षित प्रमाण 50 टक्के, चूक ±5 धरली की 95 टक्के विश्वासपातळीला 384 मिळतात. वस्ती 400 चीच असेल तर लोकसंख्येचा रकाना बदला, 200 च्या आत काम भागतं. क्लस्टर पद्धतीत (एकेक माणसाऐवजी अख्खे गट निवडतात ती) डिझाइन इफेक्ट, म्हणजे त्यामुळे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा, 1 च ठेवणं ही नेहमीची चूक. 2 धरला तर थेट 768 लागतात.

कच्चा डेटा यात साठवता येत नाही, रिग्रेशनही (अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजणं) नाही. त्यासाठी 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका.