चूर्ण, इसबगोल, सिरप आणि पावडर: रेचकांच्या दीर्घ वापरानंतरचा अनुभव

रक्तदाबाची गोळी कायमची, त्यात हिमोग्लोबिन कमी निघाल्याने सुरू झालेल्या लोहाच्या गोळ्या आणि वर सोलापूरचा उन्हाळा, अशा योगात गेल्या वर्षी माझा जुना मलावरोध फारच बळावला. साठीच्या उंबरठ्यावर पोटाची तक्रार वाढते आणि सोबत रक्तही कमी असते, तेव्हा औषध बदलण्याआधी आतडे तपासायला हवे, असे डॉक्टरांनी सांगितले आणि दुर्बिणीची तपासणी करून घेतली. गाठ किंवा व्रण काही नव्हता; मात्र मोठ्या आतड्याचे अस्तर काळपट दिसल्याची नोंद अहवालात होती. घरच्यांच्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी एवढेच विचारले, ‘चूर्ण किती वर्षांपासून घेता?’

रोज रात्री चमचाभर चूर्ण आणि कोमट पाणी हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. डब्याच्या दर्शनी बाजूला वनस्पतींची चित्रे आहेत आणि मागे बारीक अक्षरांत घटक दिलेले आहेत: सोनामुखी, हिरडा, ओवा, बडीशेप, काळे मीठ. सोनामुखीतील सेनोसाइड ही रेचक द्रव्ये मोठ्या आतड्यातील जिवाणूंकडून तोडली जातात, त्यातून तयार होणारे द्रव्य आतड्याची हालचाल वाढवते आणि साधारण सहा ते बारा तासांनी परिणाम दिसतो. आतड्याचा काळपटपणा याच वर्गातील औषधांमुळे येतो. अस्तरातील मृत पेशींचे रंगद्रव्य तेथे साचते; औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ते ओसरते आणि त्यामुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. हे कळल्यावर घरात झोप लागली.

गंमत अशी की आमच्या भागातील एका मेडिकलवाल्याने मला पूर्वी बजावले होते, ‘काका, गोळीची सवय लागते, चूर्णच बरे.’ त्याच्या हातातली गोळी सोनामुखीच्याच अर्काची होती! फरक इतकाच की गोळीवर सेनोसाइडचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलेले असते आणि माझ्या डब्यावर ते कोठेही नव्हते. शिवाय रक्तदाबाच्या रुग्णाने रोज रात्री काळे मीठ का घ्यावे, हा प्रश्न उरतोच. अशा औषधांच्या सवयीने आतडे कायमचे सुस्त होते ही भीतीही तपासून पाहण्यासारखी आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, शिफारस केलेल्या मात्रेत अशी औषधे आतड्याला इजा करतात यास भक्कम आधार नाही, असा निष्कर्ष आहे. तरीही अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये सोनामुखीची शिफारस सशर्तच केली, कारण तिच्यावरील चांगल्या चाचण्या थोड्या आठवड्यांच्याच आहेत. वर्षानुवर्षे मोजमापाशिवाय घेणाऱ्याने हा तपशील लक्षात घ्यावा.

चूर्ण बंद करून इसबगोल सुरू केले. गुजरातेतील उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारा हा भुसा स्टीलच्या पेल्यात टाकला, की दोन घोट पिईपर्यंत तळाशी दाट खळीसारखा बसतो. तो पाण्यात ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे, यात कुचराई चालत नाही. अपुऱ्या पाण्याने घेतल्यास तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. गिळायला त्रास असलेल्या माझ्या सासूबाईंना आम्ही तो म्हणूनच देत नाही. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात, ४२-४३ अंशांच्या उन्हात, ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला छापायला सोपा आहे. सुरुवातीला पोट फुगते, म्हणून मी अर्ध्या चमच्यापासून वाढवत गेलो. इतर गोळ्यांचे शोषण कमी होऊ नये, यासाठी दोन तासांचे अंतर ठेवतो. कोलेस्टेरॉलही किंचित उतरते, हा वरचा लाभ. पावसाळ्यात मला याचा उत्तम गुण आला. उन्हाळ्यात तो पुरत नाही.

मध्यंतरी लॅक्टुलोज या न पचणाऱ्या साखरेचे सिरप घेतले. अतिशय गोड, बाटलीच्या झाकणाला मुंग्या आणि पोटात वायू; त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सध्या पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर घेतो. १७ ग्रॅम पावडर पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळते, चव जवळजवळ नसते आणि ती रक्तात नाममात्रच शोषली जाते. आतड्यात पाणी धरून ठेवणे एवढेच तिचे काम. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच सकाळी निराश होऊ नये. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात दहा चाचण्यांतील ८६८ रुग्णांची माहिती एकत्र केली होती आणि त्यात ही पावडर लॅक्टुलोजपेक्षा सरस ठरली. वर उल्लेखलेल्या अमेरिकी संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शनात तिला ठाम शिफारस आहे. काही पुड्यांत क्षार मिसळलेले असतात. रक्तदाब असणाऱ्यांनी साधी पावडर आहे का, ते विचारून घ्यावे.

२०२३ मध्येच ब्रिटनमधील पाच लाखांवर लोकांच्या नोंदींवरून, नियमित रेचक घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि ती बातमी आमच्या कौटुंबिक गटावर फिरली. तो निरीक्षणात्मक अभ्यास होता. पार्किन्सनसारख्या आजारात मलावरोध कित्येक वर्षे आधीच सुरू होतो, त्यामुळे रेचक हे कारण की आजाराची आगाऊ खूण, हे अशा नोंदींतून ठरत नाही. मी पावडर बंद केली नाही.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मॅग्नेशियमची रेचके आणि सोडियम फॉस्फेटची रेचक द्रावणे स्वतःहून घेऊच नयेत. सोडियम फॉस्फेट चोवीस तासांत एकाहून अधिक मात्रेत घेतल्यास मूत्रपिंडाला व हृदयाला धोका संभवतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला आहे. प्रवासासाठी बायसॅकोडिल या रेचकाची पाच मिलिग्रॅमची गोळी मी पिशवीत ठेवतो आणि क्वचितच घेतो. तिचे आवरण आतड्यात पोहोचण्याआधी फुटू नये म्हणून ती दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घ्यायची नसते.