व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या हीटरला दोन रेझिस्टन्स लावून सात महिने झाले, त्याचा अनुभव

माझा अ‍ॅम्प घरीच जुळवलेला: पुढे एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी), मागे दोन ईएल८४. पहिल्या दिवसापासून घुंऽऽ, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी. विलंबित ख्याल लावला की तानपुऱ्याखाली भलताच खर्ज. ५० हर्ट्झ म्हणजे जवळपास पांढरी पाचचा सा, तोही किंचित चढा! गायक काळी एकमध्ये असला की जीव नकोसा व्हायचा.

दोष हीटरमध्ये निघाला, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत कॅथोड तापवणाऱ्या तारेच्या जोडणीत. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या, हीटरला वीज देणाऱ्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला (गुंडाळीला) सेंटर टॅप, म्हणजे मधोमध काढलेली तार, नव्हता आणि मी ते तसंच अधांतरी सोडलेलं. मग शेजारच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगचा एसी त्यात उतरतो नि हीटरमधून कॅथोडवर झिरपतो. आधी जुन्या रेडिओंसारखं एक टोक चॅसीला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलं. हम, म्हणजे ती घुं, कमी झाला, गेला नाही. मग दोन्ही टोकांना १००-१०० ओहमचे रेझिस्टन्स लावून त्यांचा सांधा अर्थला जोडला. आता दोन्ही तारांवर सारखाच पण उलटा एसी, त्यामुळे एकाचं दुसऱ्यात बरंचसं जिरतं. स्पीकरवर मल्टिमीटर ९ मिलिव्होल्ट दाखवायचा, तो २ वर आला. (ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅप असेल तर तोच अर्थला जोडा, रेझिस्टन्स नकोत.)

तिसऱ्या आठवड्यात हम परत, सोबत करपल्याचा वास. हीटरच्याच वाइंडिंगवर चालणाऱ्या पायलट दिव्याच्या होल्डरचं एक टोक चॅसीला टेकत होतं. म्हणजे सगळे ६.३ व्होल्ट एकाच रेझिस्टन्सवर, ०.४ वॅट, आणि मी काटकसर करून पाव वॅटचे लावलेले. होल्डर चॅसीपासून सोडवला, रेझिस्टन्स अर्ध्या वॅटचे घातले. तेव्हापासून तक्रार नाही.

दिवाळीत आणखी एक खटपट केली. हीटरमधून कॅथोडवर होणारी गळती कमी व्हावी म्हणून सांधा अर्थवरून काढून साधारण ३६ व्होल्ट डीसीवर नेला: २८० व्होल्टच्या लाइनवरून २२० किलोओहम, खाली ३३ किलोओहम, त्याला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एका जुन्या, गळक्या ईसीसी८३ला फरक पडला. बाकीच्यांना काडीचाही नाही. ज्याचे व्हॉल्व्ह धड आहेत त्याने या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा हीटरच्या तारा घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्या. आणि हात घालण्याआधी कपॅसिटर रिकामे झालेत का ते मोजून बघा, स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही.

रात्री फ्रीज थांबला की अजून बारीक घुं ऐकू येते, पण ती १०० हर्ट्झची, सप्लायच्या फिल्टरची. तिच्यासाठी चोक (फिल्टरमध्ये घालायची कॉइल) आणायचाय.