4.10 की 4.56? इंजिन बदललेल्या फोर-व्हीलसाठी क्राउन-पिनियनची निवड

जुन्या फोर-व्हील गाडीत, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, टर्बो डिझेल इंजिन बसवले की क्राउन-पिनियनचा, म्हणजे एक्सलमधून चाके फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या जोडीचा, प्रश्न फार काळ टाळता येत नाही. जुन्या विलिस सीजे जीपमध्ये 5.38 चा रेशो (चाक एकदा फिरायला पिनियनला 5.38 फेरे) असे आणि तिथे तो योग्यच होता, कारण 60 हॉर्सपॉवरचे, मिनिटाला 4000 फेऱ्यांवर पूर्ण ताकद देणारे पेट्रोल इंजिन आणि तीन गिअरची पेटी यांना त्याचा आधार हवाच होता. डिझेलची ओढ मात्र खालच्या फेऱ्यांत असते, त्यामुळे 5.38 तसाच ठेवला तर गाडी हलते न हलते तोच दुसरा गिअर मागते. मी काही महिने तशी गाडी चालवली, नंतर 4.10 बसवला आणि शेवटी 4.56 वर आलो. म्हणून खरी निवड या शेवटच्या दोघांतच आहे, असे मी धरून चालतो.

माझ्या गाडीचे टायर 31 इंची आहेत, एका फेऱ्यात ते साधारण 2.4 मीटर अंतर कापतात, चौथा गिअर डायरेक्ट (1.00) आहे आणि पाचवा 0.80 आहे. या मापांवर ताशी 90 च्या वेगाला पाचव्यात 4.10 असताना इंजिन सुमारे 2050 फेऱ्यांवर राहते, तर 4.56 असताना 2280 वर. मोकळ्या सपाट रस्त्यावर 4.10 चे सुख मोठे आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. गाडीत शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येत होते आणि अ‍ॅव्हरेजही थोडे बरे पडत असावे, असे मला वाटले. अर्थात मी ते काटेकोर मोजलेले नाही.

मला नडला तो ताशी 65 चा वेग. दुपदरी, वळणांच्या, मधूनमधून चढ असलेल्या रस्त्यावर माझी गाडी बहुतेक वेळ याच वेगाने जाते. 4.10 असताना तिथे पाचव्यात जेमतेम 1480 फेरे मिळायचे आणि माझ्या इंजिनाचा टर्बो (जादा हवा दाबून ओढ वाढवणारा भाग) 1600 च्या आसपास जागा होतो. त्यामुळे लहानसा चढ आला की इंजिन दबायचे, पायाखाली जाड थरथर जाणवायची आणि मी चौथा टाकायचो. चौथ्यात फेरे 1850 वर जायचे, ओढ चांगली मिळायची, पण चढ संपताच तोच आवाज नकोसा वाटायचा आणि हात पुन्हा गिअरच्या दांड्यावर जायचा. पुढचा ट्रक 60 ने चालला असेल तर तासभर हेच चालायचे. गाडीत काही बिघाड नव्हता, जोडणीही उत्तम झाली होती; फक्त मला सर्वांत जास्त लागणारा वेग दोन गिअरच्या मधल्या फटीत सापडला होता. 4.56 बसवल्यावर त्याच वेगाला पाचव्यात 1650 फेरे मिळू लागले आणि तो चढ आता गिअर न बदलता पार होतो.

लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड वाटेसाठीच्या हळू गिअरमध्ये, फरक कमी आहे, पण जाणवतो. पहिला गिअर 4.0 आणि ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) लो 2.46 धरला तर एकूण गुणोत्तर 4.10 ला 40 च्या आणि 4.56 ला 45 च्या जवळ येते. गोट्यांच्या उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी थोडी अधिक हळू उतरते. त्याहून मोलाचा फायदा मला हाय रेंजमध्ये चढावर रिव्हर्स घेताना झाला, कारण तिथे क्लच अर्धवट दाबून धरण्याची वेळ आता क्वचितच येते.

4.56 च्या विरुद्धही बोलण्यासारखे आहे. त्यात क्राउनला 41 आणि पिनियनला 9 दात असतात, 4.10 मध्ये ते 41 आणि 10 असतात. त्याच मापाच्या क्राउनवर पिनियन लहान होते, म्हणून ताकदवान इंजिनावर जोरात क्लच सोडणाऱ्याने याचा विचार करावा. ज्याचा बहुतेक प्रवास 90 च्या पुढेच होतो, त्याला कदाचित 4.10 च अधिक मानवेल. मात्र पुढेमागे 33 इंची टायर लावायचे मनात असेल तर 4.56 चा परिणाम 4.28 सारखा आणि 4.10 चा 3.85 सारखा होतो, आणि तेव्हा 4.10 घेणे मला तरी धाडसाचे वाटते.

दोन्ही एक्सलचे क्राउन-पिनियन एकाच वेळी बदलावेत, हे वेगळे सांगायला नको. एकीकडे 41/10 आणि दुसरीकडे 37/9 असेल तर तेवढा फरक चालून जातो. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवर असेल तर तिथला लहान गिअरही बदलून घ्यावा, कारण 5.38 वरून 4.56 वर आल्यावर गाडी 80 ने जात असताना माझा काटा 68 दाखवत होता.

खरेदीपूर्वी एक हिशेब जरूर करावा. आपण सर्वांत जास्त ज्या वेगाने जातो तो वेग मिनिटाला मीटरमध्ये घ्यावा, त्याला टायरच्या घेराने भागावे आणि आलेल्या आकड्याला 4.10 ने आणि शेवटच्या गिअरच्या आकड्याने गुणावे. येणारे फेरे टर्बो जागा होण्याच्या वर असतील तर 4.10 निःशंक घ्यावा. माझ्या गाडीत तिथे 120 फेरे कमी पडत होते.