मुलांची पार्टी: भेटींऐवजी देणगी, अदलाबदल, मिळून बनवणं की संस्थेला भेट?

वाढदिवसाच्या निमित्ताने मुलाला देण्याची गोडी लागावी असं वाटत असेल, तर साधारण चार प्रकार समोर येतात. भेटींऐवजी एखाद्या कामासाठी पैसे किंवा वस्तू गोळा करणं; पुस्तकं-खेळण्यांची अदलाबदल; सगळ्या मुलांनी मिळून दुसऱ्या कुणासाठी काही बनवणं; आणि पार्टीच एखाद्या संस्थेत नेणं. घाईत असाल तर माझं मत आधीच सांगते. मूल सात वर्षांच्या आतलं असेल तर मिळून बनवणं. त्याहून मोठं असेल तर देणगी, पण कशासाठी आणि किती हे मुलाने ठरवलेली. अदलाबदल कुठल्याही वयात निभावते. संस्थेत जाणं बहुतेकांनी टाळावं.

निवडताना मी एकच कसोटी लावते: देतंय कोण? समजा, आईबाबांनी निमंत्रणात ‘भेट नको, देणगी द्या’ असं लिहिलं, पाहुण्यांच्या आईबाबांनी पैसे पाठवले आणि पावती आली. या सगळ्यात मुलाच्या हातून काय सुटलं? काहीच नाही. मोठ्यांचा चांगुलपणा झाला, त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण मूल त्यात नुसतं निमित्तापुरतं होतं.

ही कसोटी हवेतली नाही. लारा अकनिन, कायली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१२च्या अभ्यासात दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खाऊ दिला गेला आणि मग एका बाहुल्याला खाऊ द्यायला सांगितलं. स्वतःला मिळाला तेव्हापेक्षा दुसऱ्याला देताना मुलं जास्त खूश दिसली. त्यातही संशोधकाने ऐनवेळी हातात ठेवलेला खाऊ पुढे करण्यापेक्षा आपल्या वाट्यातला देताना त्यांचा चेहरा अधिक खुलला. पुढच्याच वर्षी नाडिया चेर्न्याक आणि तामार कुश्नीर यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांबरोबर स्टिकरचा प्रयोग केला. स्टिकर स्वतःकडे ठेवायचा की उदास बाहुल्याला द्यायचा, हे ज्यांना स्वतः ठरवू दिलं, त्यांनी नंतर दुसऱ्या बाहुल्यालाही जास्त स्टिकर दिले. ज्यांना ‘द्यायचाच आहे’ असं सांगितलं होतं, त्यांनी कमी. तेव्हा वस्तू मुलाची हवी, आणि ‘नाही देणार’ म्हणायची सोयही हवी. ही दुसरी अट पालकांना जड जाते.

भेटींऐवजी देणगी

हा प्रकार सगळ्यांत लोकप्रिय आणि पालकांना सर्वांत सोपा. घरात खेळण्यांचा ढीग होत नाही, पाहुण्यांची खरेदी वाचते. पण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या नजरेने पाहा: मित्राच्या वाढदिवसाला आपण भेट नेली होती, आपल्या वाढदिवसाला मात्र कुणी काही आणलं नाही. ज्याला देणगी म्हणतात ते त्याला दिसतही नाही. अर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या तीन ते आठ वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला. त्यात तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं आपल्यापुरतं पाहत होती, तर सात-आठ वर्षांच्या बहुतेकांना समान वाटप हवं होतं. लहान मूल भेटींसाठी रडलं तर ते स्वार्थी निघालं असं नाही. ते त्याच्या वयाला साजेसं वागतं आहे.

आठ-नऊ वर्षांपासून पुढे मात्र हाच प्रकार खुलतो, एका अटीवर. सगळंच देऊन टाकायला सांगू नका. अर्धंअर्धं ही चांगली वाटणी आहे: पाहुण्यांनी भेटीऐवजी छोटी रक्कम आणायची, त्यातल्या अर्ध्यातून मूल स्वतःसाठी एक मनाजोगती वस्तू घेतं आणि अर्धी त्याने निवडलेल्या कामाला जाते. स्वतःसाठी काही घ्यायचं आहे म्हणून दुसरा अर्धा भाग खरोखर ‘आपल्यातला’ वाटतो. काम निवडायला दोन-तीन पर्याय पुढे ठेवा आणि मग गप्प बसा. मुलाने मांजरांचा निवारा निवडला आणि तुमच्या मनात शाळेची पुस्तकं होती, तर मांजरं जिंकली.

पैशांऐवजी वस्तू गोळा करणार असाल तर संस्थेला आधी विचारा. प्राण्यांच्या निवाऱ्यांना जुने टॉवेल आणि चादरी बऱ्याचदा हव्या असतात; वापरलेली मऊ खेळणी स्वच्छतेच्या कारणाने अनेक ठिकाणी घेत नाहीत. न विचारता नेलेला खोका म्हणजे घरातला पसारा दुसऱ्याच्या दारात.

आणखी एक गोष्ट निमंत्रण लिहिताना सुटते. रक्कम ठरवून टाकली तर एखाद्या घराला ती जड जाऊ शकते. पाकीट नाव न लिहिता पेटीत टाकायचं, एवढं केलं तरी कुणी किती दिलं हा प्रश्न उरत नाही.

अदलाबदल

प्रत्येकाने घरून एक चांगल्या स्थितीतलं पुस्तक किंवा खेळणं आणायचं आणि दुसरं एक घेऊन जायचं. यात वस्तू मुलाची असते, ती सोडायचं मुलानेच ठरवलेलं असतं आणि ती कुणाकडे गेली हेही डोळ्यांसमोर दिसतं. शिवाय जाताना हातात काहीतरी असतंच, त्यामुळे वेगळं रिटर्न गिफ्ट लागत नाही.

कसोटीवर मात्र अर्धाच उतरतो हा प्रकार, कारण एक देऊन एक घेणं हा शेवटी सौदा. मुलं ते बरोबर ओळखतात. ‘माझं भारी होतं, मला हे काय मिळालं’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. यजमानांनी चार-पाच वस्तू जास्तीच्या ठेवल्या तर रिकाम्या हाताने आलेलं मूल बाजूला पडत नाही. उरलेल्या वस्तू कुठे द्यायच्या हे सगळ्या मुलांनी मिळून ठरवलं, तर सौद्यातून थोडं देणंही निघतं.

मिळून बनवणं

तयारीला सगळ्यांत जास्त कष्टाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. रुग्णालयातल्या मुलांसाठी शुभेच्छापत्रं, पक्ष्यांसाठी दाण्यांची टांगती भांडी, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांसाठी रंगवलेली कुंडी, असं काहीही. तीन वर्षांच्या मुलालाही यात हात घालता येतो. आणि मिळून काम केलं की वाटून घेणं सोपं जातं: काथरिना हामान आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांनी जोडीने दोर ओढून मिळवलेल्या गोट्या समान वाटून घेतल्या, आयत्या मिळालेल्या किंवा वेगवेगळं काम करून मिळवलेल्या गोट्यांच्या बाबतीत ती एवढी समान वाटणी करत नव्हती. तेव्हा प्रत्येकाला वेगळा कागद आणि वेगळी रंगपेटी देण्यापेक्षा तिघांत एक मोठं काम द्या. रंग मुद्दाम थोडे कमी ठेवले की मागणं, थांबणं, पुढे करणं आपोआप होतं. फार कमी ठेवले तर भांडणं होतात, हेही खरं.

कामाला वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. त्याहून लांबलं की लहान मुलं टेबलाखाली आणि मोठी माणसं टेबलावर काम करताना दिसतात. ओबडधोबड झालेलं शुभेच्छापत्र रात्री बसून सुधारू नका, कृपया. आणि एक वस्तू प्रत्येकाला घरी न्यायला, दुसरी द्यायला, अशी बनवली तर ‘हे मलाच हवं’ म्हणणाऱ्याला खरी निवड करता येते.

मेख पोचवण्यात आहे. पत्रं कपाटात पडून राहिली तर सगळी मेहनत हस्तकलेचा तास ठरते. कुणाला द्यायचं, त्यांना चालेल का, कधी नेऊन द्यायचं, हे पार्टीच्या आधीच पक्कं करा.

संस्थेत जाऊन पार्टी

अनाथ मुलांबरोबर किंवा वृद्धांबरोबर वाढदिवस साजरा करण्यामागे मन चांगलं असतं, पण सोहळा होतो आपला आणि प्रेक्षक होतात ते. तिथल्या मुलांना दुसऱ्याचा वाढदिवस आनंदाने पाहायचा असतो, तोही वारंवार, वेगवेगळ्या पाहुण्यांच्या कॅमेऱ्यासमोर. आपल्या मुलाच्या डोक्यात ‘आपण देणारे, ते घेणारे’ ही विभागणी बसते ती वेगळीच. वृद्धाश्रमात काही माणसांशी आधीपासून ओळख असेल, मूल एरवीही तिथे जात असेल, तर गोष्ट निराळी. नसेल तर पार्टी घरी करा आणि ओळख वर्षभरात कधीतरी, दोन-तीन मुलांना घेऊन, फोटोशिवाय सुरू करा.

प्रकार कोणताही निवडा, खेळ त्याच्याशी जुळणारे हवेत. संगीत खुर्चीत दर फेरीला एक मूल बाहेर बसवायचं आणि मग दयाळूपणाचे धडे द्यायचे, हे विचित्रच. खुर्च्या कमी करा, मुलं तेवढीच ठेवा. उरलेल्या दोन खुर्च्यांवर सगळ्यांना सामावून घ्यायचं हाच खेळ. जास्त हसू याच्यात येतं.

‘सर्वांत उदार पाहुणा’ असलं बक्षीस मात्र ठेवू नका. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या २००८च्या अभ्यासात वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळाली, ती पुढे मदतीला कमी धावली. शाबासकी मिळालेल्यांच्या किंवा काहीच न मिळालेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. बक्षिसाऐवजी आठवड्याभरात प्रत्येक घरी दोन ओळी पाठवा: पत्रं कुणाला मिळाली, टॉवेलवर कोण झोपलं. मजकूर मुलाने सांगायचा, तुम्ही फक्त लिहून घ्यायचा.