पुण्याहून गाडी काढायचीय: आंबोली-दांडेली की बंदीपूर-ऊटी-मुन्नार?

आमच्या ओळखीत दरवर्षी सप्टेंबर आला की कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, की दिवाळीच्या सुट्टीत गाडी घेऊन डोंगरात जायचंय, मध्ये दोन-तीन नॅशनल पार्क पण करायचेत, तर आपल्याच सह्याद्रीतून खाली दांडेलीपर्यंत जाऊ का सरळ म्हैसूर गाठून निलगिरीत घुसू. मी दोन्ही केलंय, पहिलं आई-बाबा आणि लेकीला घेऊन, दुसरं आम्ही दोघं आणि एक मित्र-मैत्रिणीची जोडी असं, त्यामुळे "दोन्ही छान आहे हो" असं गुळमुळीत उत्तर देणार नाही.

आधी रूट सांगतो. सह्याद्रीवाला म्हणजे पुणे, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, तिथून साताऱ्यावरून कराड, मग चांदोली, आंबा घाट, कोल्हापूर, आजऱ्यावरून आंबोली, खाली सावंतवाडी, गोव्यात मोले, तिथून अनमोड घाट चढून दांडेली, आणि बेळगाववरून परत. इकडे तिकडे फिरणं धरून १२०० किलोमीटरच्या आसपास होतं, आठ दिवस आरामात. निलगिरीवाला म्हणजे पुणे ते म्हैसूर (हेच साडेआठशे-नऊशे किलोमीटर), मग बंदीपूर, मुदुमलै, ऊटी, कुन्नूर, कोइम्बतूरवरून पोल्लाची, वालपराई, परत खाली, मग उदुमलपेटवरून चिन्नार आणि मुन्नार. येऊन जाऊन २५०० च्या वर जातं आणि अकरा-बारा दिवसांच्या खाली करू नका, केलंत तर घरी येऊन दोन दिवस झोपाल.

आता खरा फरक. सह्याद्रीत पहिल्याच दिवशी दुपारी तुम्ही घाटात असता. पसरणी घाट चढायला लागलात की ट्रिप सुरू. निलगिरीत मात्र पहिले दोन दिवस आणि शेवटचे दोन दिवस नुसता हायवे, ट्रक, टोल, हुबळी, चित्रदुर्ग, परत ट्रक. त्यात आपल्याकडे साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाची कामं, डायव्हर्जन, ती वेगळीच. म्हणजे बारा दिवसांची ट्रिप म्हणता म्हणता हातात आठच दिवस उरतात. हे हिशेबात न धरता लोक "नऊ दिवस सुट्टी आहे, ऊटी-मुन्नार करून येतो" म्हणतात आणि मग वालपराई कटाप, कुन्नूर कटाप, राहतं काय तर ऊटीचं ट्रॅफिक.

पण जंगल कुठलं जास्त दिसतं विचाराल तर तिथे निलगिरी सरळसरळ जिंकते, आणि त्याचं कारण सफारी नाही, रस्ता आहे. बंदीपूर आणि मुदुमलैमध्ये हायवेच जंगलाच्या पोटातून जातो. गुंडलूपेट सोडलं की थोड्या वेळात दोन्ही बाजूला चितळ, नशीब असेल तर हत्ती, तुम्ही गाडीतच बसलेले. बंदीपूर १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जागांपैकी एक आहे, तिकडचं जंगल बऱ्यापैकी कोरडं, पानगळीचं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं उघडी पडतात आणि लांबपर्यंत दिसतं (वणव्याचा सीझन पण तोच). चांदोली उलटं. निमसदाहरित, दाट, दहा फुटांवर गवा उभा असला तरी कळणार नाही. २००४ ला नॅशनल पार्क झालं, २०१० मध्ये कोयना अभयारण्यासोबत मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण तिथे वाघ बघायला म्हणून जाऊ नका. धरणाचं पाणी, झोळंबीचा सडा (म्हणजे खडकाळ पठार), शांतता, शेकरू, पक्षी, याच्यासाठी जा. माझ्या बाबांना चांदोली सगळ्यात जास्त आवडलं आणि लेक तिथेच सगळ्यात जास्त बोअर झाली, यावरून काय ते समजा.

सह्याद्रीवाल्या रूटवर जंगलातून जाणारा रस्ता शेवटी मिळतो, अनमोड घाटात. गोव्यातलं मोलेचं नॅशनल पार्क आणि भगवान महावीर अभयारण्य याच घाटाला लागून आहे, आणि तिथून वर आलात की कर्नाटकात काळी व्याघ्र प्रकल्प, ज्यात आधीचं दांडेली अभयारण्य आणि अणशी नॅशनल पार्क दोन्ही येतात. मोलेला थांबलात तर तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ चुकवू नका, कदंबांच्या काळातलं, जंगलात एकटं उभं, बाकी गोवा विसरायला होतं. दांडेलीत धनेश (हॉर्नबिल) बघायला सकाळी सहाला उठा. गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग आहे, पण ते सुपा धरणातून पाणी सोडण्यावर असतं, आदल्या दिवशी फोन करून विचारायचं.

आता सीझनचं त्रांगडं, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. सह्याद्री जेव्हा सगळ्यात सुंदर असतो, म्हणजे जुलै-ऑगस्ट, तेव्हा पार्कची गेटं पर्यटकांना बंद. आंबोलीला वर्षाला ७००० मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यात धुकं, गाडीपुढचं बोनेट दिसत नाही, आणि वीकेंडला धबधब्यापाशी जी जत्रा भरते त्यात घाट दोन-दोन तास जाम. गेटं उघडेपर्यंत पाऊस गेलेला असतो आणि डिसेंबर लागला की गवत पिवळं पडायला लागतं. म्हणजे डोंगर हिरवा आणि जंगल उघडं असा काळ मिळतो तो ऑक्टोबरचे शेवटचे दिवस आणि नोव्हेंबर, बस. कास पण जोडायचं असेल तर अजून पंचाईत, फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेव्हा चांदोली बंद. दोन्ही एका ट्रिपमध्ये बसत नाही, उगाच ओढाताण करू नका.

निलगिरीला सीझन मोठा आहे पण त्याच्या आपल्या भानगडी आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूला परतीचा पाऊस, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीत, दरडी पडून कुन्नूरचा घाट आणि मेट्टुपालयमहून ऊटीला चढणारी छोटी रेल्वे दोन्ही बंद पडू शकतात. डिसेंबर-जानेवारी माझ्या मते बेस्ट, थंडी मात्र खरी असते, पहाटे सखल भागात गवतावर दव गोठलेलं दिसतं. आपल्या लोकांना हे पटत नाही, "साऊथला कसली थंडी" म्हणून एकेक स्वेटर घेऊन जातात. अहो, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि ऊटी हे गावच २२४० मीटरवर वसलंय, तिथलं दोडाबेट्टा शिखर २६३७. आई-वडिलांना नेत असाल तर कानटोपी घ्याच. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर मुन्नारजवळचं एराविकुलम नॅशनल पार्क बंद असतं, निलगिरी ताहरचा (डोंगरातली रानबकरी) विणीचा हंगाम असतो म्हणून, आणि ताहर बघायचा नसेल तर मुन्नारपर्यंत गाडी दामटण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. चहाचे मळे कुन्नूरला पण आहेत.

फुलांचं म्हणाल तर गंमत आहे, आपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी, दोघी एकाच कुळातल्या. नीलकुरिंजी २०१८ ला फुलली होती, आता २०३०. तोपर्यंत त्या नावाने कोणी पॅकेज विकत असेल तर हसून फोन ठेवा.

परवानग्या आणि नियम. सह्याद्रीत डोकं फारसं लावावं लागत नाही, चांदोलीला गेटवर एंट्री आणि दांडेलीला सफारी, झालं. निलगिरीत तीन गोष्टी पाठ करा. पहिली, बंदीपूरमधून जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद, २००९ पासून, आणि हे कागदावरचं बंद नाही, खरंच बॅरिकेड लागतं. आम्ही म्हैसूरला दसऱ्याचं लायटिंग बघत रेंगाळलो आणि चेकपोस्टला ९ वाजून १० मिनिटांनी पोचलो. दहा मिनिटं. विनवण्या केल्या, मित्राने मोडक्या कन्नडमध्ये पण करून बघितल्या, तो माणूस शांतपणे नाही म्हणाला आणि बरोबरच होतं त्याचं. परत गुंडलूपेटला येऊन मिळेल त्या लॉजवर झोपलो आणि मुदुमलैजवळच्या मसिनगुडी गावातल्या रूमचे पैसे बुडाले. दुसरी गोष्ट, ऊटीला जायला ई-पास लागतो, मद्रास हायकोर्टाच्या आदेशाने मे २०२४ पासून, आणि उन्हाळ्यात तर रोजच्या गाड्यांची संख्याच ठरवून दिली होती, २०२५ ला वीकडेला ६००० आणि वीकेंडला ८०००. ऑनलाइन निघतो, पण निघायच्या आदल्या रात्री नको, तारखा पक्क्या झाल्या की लगेच काढा. तिसरी, प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या निलगिरी जिल्ह्यात चालत नाहीत, चेकपोस्टला गाडी तपासतात, तेव्हा स्टीलच्या बाटल्या न्या आणि तो बिसलेरीचा बॉक्स पुण्यातच ठेवा.

घाट. आपल्या घाटात गाडी चालवलेल्या माणसाला सह्याद्रीवाला रूट काहीच नाही, अनमोडला ट्रक जास्त एवढंच. निलगिरीत मसिनगुडीवरून ऊटीला चढणारा कल्हट्टी घाट ३६ हेअरपिनचा, आणि इतका खडा की दुसऱ्या गिअरमध्ये पण गाडी कुरकुरते. तिथे उतरताना अपघात फार व्हायचे म्हणून बाहेरच्या गाड्यांना चढू देतात, उतरू देत नाहीत, तरी मसिनगुडीत एकदा विचारून घ्या कारण हे नियम बदलत असतात. नको असेल तर गुडलूरवरून जा, लांब आहे पण सोपा, आणि आई-बाबा मागे बसले असतील तर तोच घ्या. वालपराईचा घाट वेगळा, आळियार धरणापासून ४० वळणं, प्रत्येकावर नंबरची पाटी, लहान मुलं मोजत बसतात त्यामुळे उलट्या कमी होतात हा माझा वैयक्तिक शोध. नवव्या वळणावर लोम्स व्ह्यू पॉइंटला थांबा, वर गावाच्या अलीकडे सिंहपुच्छ माकडं रस्त्याकडेला दिसतात, गाडी हळू चालवा आणि खायला काही देऊ नका. उतरताना दोन्हीकडे एकच नियम, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली येईपर्यंत जळका वास येणारच. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल कसा लावायचा ते पुण्यातच बघून घ्या, घाटात मॅन्युअल वाचत बसू नका.

ड्रायव्हर एकच असेल तर निलगिरी नको. स्पष्ट सांगतो. आम्ही दोघं आलटून पालटून चालवत होतो तरी परतीला चित्रदुर्गच्या पुढे डोळे मिटायला लागले होते. एकाच ड्रायव्हरवर जायचंच असेल तर म्हैसूरपर्यंत रेल्वेने जा आणि तिथून गाडी भाड्याने घ्या, चार दिवस वाचतात आणि बारा दिवसांची ट्रिप आठ-नऊ दिवसांत बसते. आपली गाडी, आपलं गाणं हे सगळं खरं आहे, पण हायवेवरचे चार दिवस त्यात काही फार रोमँटिक नसतात.

खर्चाचं ढोबळ गणित, पंधराचा ॲव्हरेज धरला तर सह्याद्रीला ८० लिटर आणि निलगिरीला १७० च्या आसपास, म्हणजे इंधन दुप्पट, टोल त्याहून जास्त, मुक्काम चार वाढलेले. खाण्याचं दोन्हीकडे रडगाणं नाही. शाकाहारी घरांना निलगिरी सोपी, सकाळी इडली-डोसा, दुपारी केळीच्या पानावर जेवण, आईने भात-भात म्हणून चौथ्या दिवशी तक्रार केली तर डब्यात ठेपले न्या. नॉनव्हेजवाल्यांना कोल्हापूरचा तांबडा-पांढरा आणि सावंतवाडीचं मालवणी जेवण एकाच ट्रिपमध्ये मिळतं, यापुढे मी काय सांगू.

ऊटीला गेलातच तर ती छोटी रेल्वे कराच, २००५ पासून जागतिक वारशात आहे. मेट्टुपालयम ते कुन्नूर हा दातेरी रुळाचा टप्पा खरा बघण्यासारखा, पण गाडी सोबत असताना तो जमवणं अवघड. सोपी युक्ती, घरच्यांना ऊटीहून कुन्नूरला रेल्वेत बसवा, ड्रायव्हरने गाडी घेऊन पुढे जाऊन स्टेशनवर चहा पीत थांबायचं. तिकिटं खूप आधी संपतात. आणि हो, तो ड्रायव्हर मी होतो, मला अजून त्या रेल्वेत बसायचंय.

तर कोणी काय घ्यावं. आठ-नऊ दिवस, एक ड्रायव्हर, सोबत साठीच्या पुढचे आई-वडील, दिवाळीची सुट्टी, या चारपैकी दोन गोष्टी जरी लागू असल्या तर सह्याद्री, डोळे झाकून. बारा दिवस, दोन ड्रायव्हर, आणि मुलांना हत्ती दिसलाच पाहिजे असं असेल तर निलगिरी, पण नाताळनंतरचा आठवडा टाळून जानेवारीत. मे महिन्यात विचारत असाल तर दोन्ही नको, महाबळेश्वरला पार्किंग मिळत नाही आणि ऊटीला पास. बुकिंगचा क्रम निलगिरीला ऊटीची छोटी रेल्वे, मग मसिनगुडी किंवा बंदीपूरचा मुक्काम, मग सफारी चालू आहे का याची चौकशी, मग ई-पास. सह्याद्रीला फक्त दांडेलीचा शनिवार-रविवार आधी पकडा, बाकी ठिकाणी पोचल्यावर बघा.